संगणकभाषेची व्युत्पत्ती : फलनात्मक पॅकेज-पद्धतीची एक चिकित्सा

१

फोर्ट्रान १९५७ साली प्रचारात आली, तेव्हापासून संगणकाच्या क्षेत्रात 'भाषा' हा शब्द लाक्षणिक राहिलेला नाही. या कृत्रिम भाषांचे व्याकरण, त्यांची वाक्यरचना, त्यांचा अर्थविचार यांवर विपुल लेखन झाले आहे, आणि त्यातील काही भाषाशास्त्राच्या अभ्यासकांच्या परिचयाचेही आहे. परंतु या भाषांच्या एका अंगाकडे भाषाशास्त्राचे लक्ष फारसे गेलेले नाही. ते म्हणजे त्यांचे प्रत्यक्ष अस्तित्व. बोलीभाषा बोलणाऱ्यांच्या मुखी असते. संगणकभाषा मात्र कोणत्या तरी यंत्रावर, कोणत्या तरी कम्पायलरच्या रूपाने 'बसविलेली' असावी लागते. ती बसविणे, म्हणजे तिचे पॅकेज तयार करणे, हे काम कारागिराचे समजले जाते. त्यात सिद्धान्ताचा काही प्रश्न गुंतला असेल असे सहसा कोणास वाटत नाही. तसा प्रश्न गुंतलेला आहे, आणि तो पाठचिकित्सेच्या व व्युत्पत्तिशास्त्राच्या अभ्यासकास चांगला ओळखीचा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चिकित्सेसाठी जी विचारपद्धती घेतली आहे ती 'फलनात्मक' पॅकेज-व्यवस्थेची होय. तिची मूळ मांडणी एल्को डोल्स्ट्रा यांनी नेदरलंड्समधील उट्रेख्त विद्यापीठास २००६ साली सादर केलेल्या प्रबंधात आढळते. या मांडणीवर उभी राहिलेली प्रणाली 'निक्स' या नावाने ओळखली जाते. पुढे २०१२ साली लुडोव्हिक कूर्तेस यांनी त्याच तत्त्वावर ग्नू प्रकल्पात 'गिक्स' ही दुसरी प्रणाली आरंभिली आणि तिचे विवेचन २०१३ साली माद्रिद येथील लिस्प परिसंवादात केले. या दोन्ही प्रणालींचा दावा असा की, कोणतेही सॉफ्टवेअर कोणत्या घटकांपासून व कोणत्या कृतीने सिद्ध झाले याची संपूर्ण नोंद ठेवता येते, आणि त्या नोंदीबरहुकूम ते पुन्हा सिद्ध करता येते. साध्या प्रोग्रामच्या बाबतीत हा दावा बऱ्याच अंशी खरा ठरतो. एखादी भाषाच या व्यवस्थेत आणू गेल्यास तो कितपत टिकतो, हे येथे पाहावयाचे आहे.

२

प्रथम रूढ पद्धत कशी असते ते सांगितले पाहिजे. सर्वसाधारण यंत्रावर प्रत्येक प्रोग्राम ठरलेल्या सामायिक जागी ठेवतात, आणि त्या जागी त्याचे नाव एकच असते. नवी आवृत्ती आली की ती जुनीच्या जागी बसते. जुनीवर अवलंबून असलेले दुसरे प्रोग्राम मग अचानक बंद पडतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे निराळे उत्तर देऊ लागतात. पोथीची नक्कल करणारा लेखक जेव्हा जुने अक्षर खरवडून त्या जागी आपल्या समजुतीचा पाठ लिहितो, तेव्हा जे घडते तेच येथे घडते. नवा पाठ बरा की वाईट हा प्रश्न दुय्यम होय. जुना पाठ नाहीसा झाला आणि त्याची खूणही उरली नाही, ही खरी हानी.

यावर डोल्स्ट्रा यांनी योजिलेला उपाय गणितातील फलनाच्या कल्पनेवर आधारलेला आहे. फलनाला तेच आदान दिले की तेच फळ मिळते, आणि फळ काढताना फलन बाहेरच्या कशातही फेरफार करीत नाही. पॅकेज सिद्ध करण्याची कृती अशाच फलनासारखी मानावी, असे हे तत्त्व आहे. मूळ संहिता, कम्पायलर, लागणाऱ्या लायब्ररी, कृतीची वाक्ये ही सर्व तिची आदाने. कृती एका बंदिस्त जागी चालते. तेथून तिला बाहेरचे जाळे दिसत नाही, आणि जे घटक नावानिशी मागितले नाहीत तेही दिसत नाहीत. सिद्ध झालेली वस्तू एका कोठारात ठेवली जाते, आणि एकदा ठेवल्यावर तिच्यात बदल करता येत नाही. दुसरी आवृत्ती आली तर ती पहिलीच्या शेजारी राहते.

या कोठारातील नावे भाषाशास्त्रज्ञाने मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. प्रत्येक नावाचे दोन भाग असतात. दुसरा भाग नेहमीचा, म्हणजे भाषेचे वा प्रोग्रामचे प्रचलित नाव व आवृत्तीचा अंक. पहिला भाग बत्तीस अक्षरांचा हॅश. सर्व आदानांवर गणिती प्रक्रिया करून काढलेली ही मुद्रा १६० बिटांची असते. एका आदानात एका अक्षराचा फरक पडला तरी संपूर्ण मुद्रा बदलते. मुद्रेसाठी अंक व रोमन अक्षरे मिळून बत्तीस चिन्हे घेतलेली आहेत, आणि ई, ओ, टी व यू ही चार अक्षरे वगळलेली आहेत. कारण असे की, अर्थहीन अक्षरांच्या मालिकेत योगायोगाने एखादा अशिष्ट शब्द उमटू नये. चिन्हे अर्थशून्य ठेवण्यासाठीही भाषेचा विचार करावा लागतो, हे यावरून दिसते.

आपल्या परंपरेने शब्दांचे रूढ, यौगिक व योगरूढ असे भेद केले आहेत. ज्याचा अर्थ अवयवांवरून कळतो तो यौगिक, केवळ संकेताने कळतो तो रूढ, आणि अवयवार्थ असूनही जो संकेताने एका ठिकाणी स्थिर झाला तो योगरूढ. जुन्या व्यवस्थेतील नावे निव्वळ रूढ आहेत. 'पायथन' म्हटले की त्या यंत्रावर त्या क्षणी जे काही त्या नावाने बसलेले असेल ते. फलनात्मक व्यवस्थेतील नाव योगरूढाच्या जातीचे आहे. त्याचा मुद्रारूप भाग अवयवांपासून सिद्ध झाला आहे, तर उरलेला भाग माणसाच्या सोयीसाठी संकेताने राहिला आहे. या व्यवस्थेत सिद्धीच्या कृतीला 'डेरिव्हेशन' म्हणतात. व्याकरणात आपण ज्यास साधनिका किंवा व्युत्पत्ती म्हणतो त्याचेच हे इंग्रजी नाव. डोल्स्ट्रा यांच्या मनात व्याकरण असो वा नसो, शब्द अगदी योग्य पडला आहे.

३

येथे एक सूक्ष्म प्रश्न उपस्थित होतो. वस्तूची ओळख तिच्या उत्पत्तीवरून ठरवावी की तिच्या प्रत्यक्ष स्वरूपावरून? वर वर्णिलेली मुद्रा आदानांची आहे, फळाची नव्हे. कम्पायलरच्या संहितेतील एखाद्या टिपणात नुसता स्वल्पविराम बदलला, तर त्यापासून निघणारे फळ अक्षरशः तेच असेल. तरी त्याचे नाव बदलेल, आणि त्यावर अवलंबून असलेल्या हजारो वस्तूंची नावेही बदलतील. उलट, एकाच आदानापासून दोन यंत्रांवर किंचित भिन्न फळे निघाली तरी त्यांना एकच नाव मिळेल. प्रबंधात या दोन दृष्टींना तर्कशास्त्रातून घेतलेली नावे दिली आहेत. आदानावरून ओळख ठरविणारा तो एक्स्टेन्शनल नमुना आणि आशयावरून ओळख ठरविणारा तो इन्टेन्शनल नमुना. पहिल्या नमुन्याने प्रणालीचा पाया घातला. दुसऱ्याची मांडणी त्यानंतरच्या प्रकरणात येते.

या भेदाचे मर्म समजण्यास मुंबईच्या मुद्रणाचा इतिहास उपयोगी पडेल. एकोणिसाव्या शतकात शाईत चरबी असते या समजुतीने सोवळे पाळणारी मंडळी छापील पोथ्यांना स्पर्श करीत नसत, आणि म्हणून तूप घातलेल्या शाईने पोथ्या छापण्याची युक्ती मुद्रकांनी योजिली, असे सांगितले जाते. दोन्ही शायांनी उमटलेले अक्षर एकच. वाचणाऱ्याला पाठात तिळमात्र फरक दिसला नसता. तरी एक पोथी ग्राह्य आणि दुसरी त्याज्य ठरत असे, कारण ओळख अक्षरावरून न ठरता शाईत काय पडले यावरून ठरत होती. फलनात्मक व्यवस्थेची 'शुद्धता' याच प्रकारची आहे. ती फळाच्या गुणाविषयी काही सांगत नाही. फळ सदोष असेल, त्यात चुका असतील, तरीही ते 'शुद्ध' असू शकते. शुद्ध म्हणजे एवढेच की, नोंद न केलेल्या कशाचाही त्यास स्पर्श झालेला नाही. इंग्रजी लेखनात हा शब्द प्रशंसेच्या सुरात वापरला जातो, त्यामुळे वाचकाचा गैरसमज होण्याचा संभव आहे. मराठीत 'सोवळी कृती' म्हटले तर निदान गैरसमज होणार नाही, कारण सोवळ्यातला स्वयंपाक रुचकर असतोच असे आपण कधीच मानलेले नाही.

४

आता मूळ प्रश्नाकडे वळू. साधा प्रोग्राम या व्यवस्थेत आणणे आणि भाषा आणणे यांत जातीचाच फरक आहे. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, प्रत्येक आधुनिक संगणकभाषा स्वतःचे एक घर गृहीत धरते. पायथनचे कम्पायलर-इन्टरप्रीटर जेथे बसवावे तेथेच त्याच्या उपघटकांची एक सामायिक खोली असते, आणि वापरणाऱ्याने नवे घटक त्या खोलीत आणून टाकावे अशी त्या भाषेची अपेक्षा असते. कोठारातील वस्तू मात्र अचल. तिच्या खोलीत कोणी काही टाकू शकत नाही. म्हणून पॅकेज करणाऱ्याला मूळ भाषेभोवती दुसरे आवरण रचावे लागते, आणि 'ही भाषा अधिक हे घटक' अशी नवी समग्र वस्तू प्रत्येक वेळी सिद्ध करावी लागते. शिवाय रस्ट, पायथन, जावास्क्रिप्ट अशा भाषांना स्वतःची पॅकेज-साधने आहेत. ती कृती चालू असतानाच बाहेरच्या जाळ्यावरून सामग्री उतरवून घेतात. बंदिस्त खोलीत हे अशक्य. म्हणजे भाषा पॅकेज करणे याचा अर्थ एका समाजाच्या चालीरीतींचे दुसऱ्या समाजाच्या नियमांत भाषांतर करणे असा होतो. भाषांतर म्हटले की काही हरवणे आले. काय हरवते ते पुढे पाहू.

दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. पुष्कळ भाषांचे कम्पायलर त्याच भाषेत लिहिलेले असतात. हॅस्केलचा जीएचसी हा कम्पायलर हॅस्केलमध्ये आहे, आणि तो सिद्ध करण्यास आधीचा जीएचसी लागतो. रस्टचा आरंभीचा कम्पायलर ओकॅमल भाषेत होता. २०११ साली रस्ट स्वतःच्या कम्पायलरवर उभी राहिली, आणि तेव्हापासून प्रत्येक आवृत्ती मागील आवृत्तीच्या साहाय्याने सिद्ध होते. गो भाषेचा कम्पायलर १.४ या आवृत्तीपर्यंत सी भाषेत होता. २०१५ साली १.५ या आवृत्तीत तो गो भाषेत आला.

भाषाशास्त्राच्या इतिहासात याचे नेमके प्रतिरूप आहे. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे इंग्रजीत प्रसिद्ध झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ साली मुंबईत मराठीत आले. पहिले परभाषेत लिहिलेले व्याकरण, दुसरे स्वभाषेत. कम्पायलरच्या इतिहासात ज्यास 'स्वयंसिद्ध' होणे म्हणतात ते हेच. परंतु स्वभाषेत लिहिले गेल्याने पूर्वीचा ठसा पुसला जातो काय? शाळेत शिकविल्या जाणाऱ्या मराठी व्याकरणातील शब्दांच्या आठ जाती इंग्रजी व्याकरणाच्या साच्यातून आल्या, हे आता सर्वमान्य आहे. व्याकरण मराठीत आहे, उदाहरणे मराठी आहेत, एकही इंग्रजी शब्द दिसत नाही. तरी ती वर्गवारी एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिली. ग्रंथाच्या पृष्ठावर तिचे मूळ कोठेच लिहिलेले नसते.

केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या निमित्ताने दिलेल्या आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात नेमके हेच दाखवून दिले होते. कम्पायलरच्या यंत्ररूपात एक लबाडी दडविता येते. ती अशी की, विशिष्ट प्रोग्राम सिद्ध करताना तो त्यात चोरवाट घालील, आणि स्वतःची नवी प्रत सिद्ध करताना तीच लबाडी त्या प्रतीतही घालील. मग मूळ संहितेतून लबाडीच्या ओळी काढून टाकल्या तरी ती वंशपरंपरेने चालू राहते. संहिता कितीही बारकाईने वाचली तरी ती सापडत नाही. म्हणजे 'मूळ संहितेपासून सिद्ध केले' एवढे म्हणणे पुरेसे नाही. कोणत्या कम्पायलरने सिद्ध केले, तो कशाने सिद्ध झाला, आणि त्यापूर्वीचा कशाने, हे विचारावे लागते. फलनात्मक व्यवस्था हा प्रश्न विचारण्याची सोय करून देते, हे तिचे श्रेय. पण उत्तर ती आपोआप देत नाही. साखळीच्या आरंभी एक तयार बायनरी ठेवली आणि तिची मुद्रा नोंदविली, तर नियमाचे पालन झाले. निक्सच्या संग्रहात जीएचसीसाठी हाच मार्ग पत्करलेला आहे. बाहेरून आणलेली जुनी बायनरी हे बीज, आणि पुढील सर्व तिच्यापासून. नोंद निर्दोष असते, परंतु वंशावळ पहिल्याच पुरुषापाशी 'अमुक गावाहून आला' एवढे सांगून थांबते.

५

बीजाचा हा प्रश्न गिरगाव-काळबादेवीच्या छापखान्यांनाही पडला होता. अमेरिकन मिशनने मुंबईत छापखाना काढला तेव्हा त्यांचे पहिले देवनागरी खिळे कलकत्त्याहून आलेले होते. त्या छापखान्यातील शिळाप्रेसचे काम पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचे छापयंत्र तयार केले, शाई स्वतः केली, आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. पुढे खिळेही त्यांनी घरीच पाडले. गोविंद नारायण माडगावकर यांनी 'मुंबईचे वर्णन' या १८६३ च्या ग्रंथात त्यांच्या या उद्योगाची आदराने नोंद केली आहे. जावजी दादाजी हेही लहानपणी अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात होते. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना व १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि निर्णयसागराचे देवनागरी टाइप पुढे देशभर नावाजले.

या दोघांच्या उद्योगात एक फरक आहे, आणि तो प्रस्तुत विषयास उपकारक आहे. तयार खिळे विकत आणून चांगला छापखाना चालविणे हा एक मार्ग. खिळे पाडण्याची विद्या हस्तगत करून साखळी स्वतःच्या हाती आणणे हा दुसरा. निक्सच्या पॅकेजकारांनी बहुधा पहिला मार्ग स्वीकारला, गिक्सच्या मंडळींनी दुसऱ्याचा आग्रह धरला. रस्टसाठी त्यांनी सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेला एमरस्टसी हा स्वतंत्र कम्पायलर घेतला, त्याने रस्टची एक जुनी आवृत्ती सिद्ध केली, आणि तेथून पायरीपायरीने वर चढत गेले. गो भाषेसाठी सी-मधील १.४ पासून आरंभ केला. जावासाठी जाइक्स या जुन्या सी-प्लस-प्लस कम्पायलरपासून सुरुवात करून मधल्या कितीतरी विस्मृत टप्प्यांचा जीर्णोद्धार केला. हे काम पाहताना पाठचिकित्सकाच्या श्रमांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या मराठी संशोधन मंडळात अनंत काकबा प्रियोळकर यांनी मुक्तेश्वरांच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या कामातही ज्यांना कोणी वाचीत नव्हते अशा पोथ्या शोधून त्यांचे परस्परसंबंध लावावे लागले होते.

या प्रयत्नांचा कळस २०२३ साली झाला. गिक्सच्या संग्रहाचा आरंभ पूर्वी सुमारे २५० मेगाबाइटांच्या तयार बायनरींपासून होत असे. टप्प्याटप्प्याने हे बीज लहान करीत त्यांनी ते ३५७ बाइटांवर आणले. इतका लहान प्रोग्राम माणसाला ओळीओळीने वाचून तपासता येतो. त्यापासून आधी एक क्षुद्र असेम्ब्लर, मग मेस हा लहानसा स्कीम इन्टरप्रीटर व सी कम्पायलर, मग टायनी-सीसी, मग जीसीसीची जुनी आवृत्ती, आणि अखेर आजचे कम्पायलर, अशी बावीस हजारांहून अधिक वस्तूंची वंशावळ उभी राहते. ही सिद्धी असामान्य आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

तथापि चिकित्सकाला येथेही थांबता येत नाही. ही सर्व कृती कोणीतरी चालवावी लागते, आणि गिक्समध्ये ती चालविणारी भाषा म्हणजे गाइल ही स्कीमचीच एक शाखा. २०२३ च्या या साखळीतही आरंभीच्या पायऱ्या चालविण्यास सुमारे २५ मेगाबाइटांची तयार गाइल बायनरी लागत होती. त्याखाली यंत्राचे कर्नेल होते ते वेगळेच. कर्त्यांनी स्वतःच हे प्रामाणिकपणे नमूद केले आहे. म्हणजे ज्या भाषेत वंशावळ लिहिली जाते, ती भाषा वंशावळीत एक व्यक्ती म्हणून नोंदलेली असूनही लेखक म्हणून तिच्या बाहेरच राहते. व्याकरणाची परिभाषा त्या व्याकरणानेच संपूर्ण सिद्ध होत नाही, हा अनुभव व्याकरणकारांना नवा नाही. वस्तुभाषा आणि तिच्याविषयी बोलणारी परिभाषा यांतील अंतर कमी करता येते, नाहीसे करता येत नाही. निक्सने आपली स्वतंत्र, आळसाने मूल्य काढणारी लहानशी भाषा रचून हे अंतर स्पष्ट ठेवले, पण प्रत्यक्ष कृतीसाठी बॅश वापरल्याने त्याच्या पॅकेजकाराला दोन भाषांत वावरावे लागते. गिक्सने घोषणा व कृती या दोहोंसाठी स्कीमच घेतली. या एकवाक्यतेमुळे विचार सुटसुटीत होतो, परंतु अंतर आहे हे विसरण्याचा मोहही वाढतो.

विश्वासाचा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही सोडविता येतो. डेव्हिड व्हीलर यांनी २००९ च्या आपल्या प्रबंधात असे दाखविले की, परस्परांशी संबंध नसलेल्या दोन कम्पायलरांनी एकच संहिता सिद्ध करून, त्या प्रतींकडून तीच संहिता पुन्हा सिद्ध करविली असता फळ बिटाबिटाने जुळले, तर दडलेल्या लबाडीची शंका फार क्षीण होते. स्वतंत्र शाखांतील पोथ्यांचा पाठ जुळला तर तो मूळचा मानावा, या पाठचिकित्सेच्या जुन्या नियमाचेच हे रूप. सुखटणकरांनी महाभारताच्या आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत ज्या शाखाविचाराचा आधार घेतला तो आणि हा तत्त्वतः एकच आहे.

६

आता उणिवांचा विचार. भाषांतरात काय हरवते असे वर विचारले होते. बंदिस्त खोलीच्या नियमाला या व्यवस्थेत एक अपवाद आहे. फळाची मुद्रा आधीच जाहीर केली असेल तर त्या कृतीला बाहेरच्या जाळ्यावर जाण्याची मुभा मिळते. मूळ संहिता उतरविण्यासाठी हा अपवाद अटळ आहे. परंतु रस्ट वा गो भाषेतील प्रोग्राम आणताना त्याच्या शेकडो घटकांचे एकच गाठोडे करून त्या गाठोड्यावर एक मुद्रा ठोकण्याची चाल निक्समध्ये पडली. गाठोड्याचा आशय निश्चित झाला. त्यातील प्रत्येक घटक कोठून, कोणामुळे आला याची व्युत्पत्ती मात्र व्यवस्थेच्या दृष्टीने नाहीशी झाली. गिक्सने दीर्घकाळ प्रत्येक घटकाचे स्वतंत्र पॅकेज करण्याचा आग्रह ठेवला, आणि त्यासाठी पडणारे श्रम अवाढव्य होते. सोय आणि वंशावळ यांतील ही ओढाताण भाषेच्या पॅकेजमध्ये जितकी उघड होते तितकी इतरत्र होत नाही.

दुसरी उणीव शोधाच्या रीतीची. सिद्ध वस्तूला पुढे कोणकोणते घटक लागतील हे ठरविण्यासाठी निक्स तिच्या बाइटांत इतर मुद्रांची अक्षरे धुंडाळते. कल्पना चतुर आहे आणि बहुतेक वेळी यशस्वी होते. परंतु आशय संकुचित रूपात भरलेला असेल, जसा तो जावाच्या फायलींत असू शकतो, तर मुद्रा दिसत नाही आणि घटक अनावश्यक समजला जाण्याचा धोका राहतो. संबंध अर्थावरून न ओळखता चिन्हावरून ओळखला की जे होते ते येथे होते.

तिसरी उणीव इतिहासाची, आणि आमच्या मते ती सर्वांत विचारार्ह आहे. फळ प्रत्येक वेळी तेच यावे म्हणून निक्सच्या कोठारातील प्रत्येक फायलीवर एकच वेळ घातली जाते. १ जानेवारी १९७० नंतरचा पहिला सेकंद. पायथनसारख्या भाषा आपल्या सिद्ध फायलींत संहितेची वेळ नोंदवीत असल्याने हे करणे आवश्यकही होते. परिणाम असा की, वंशावळ अचूक आहे पण तिला शक नाही. पोथीच्या शेवटी लेखक लेखनकाळ, स्थळ, कोणासाठी लिहिली हे सांगतो, आणि पाठचिकित्सक ते आधाराला घेतो. कोठारातील वस्तूला अशी पुष्पिका नाही. कोणी, केव्हा, कोणत्या प्रसंगाने हा बदल केला हे कोठाराबाहेरच्या दुसऱ्या नोंदवहीत शोधावे लागते. पुनर्निर्मितीसाठी काळ विसरणे हा योग्य त्याग असेल, परंतु तो त्याग आहे हे सांगितले पाहिजे. पुनर्निर्मिती म्हणजे इतिहास नव्हे.

७

हा सर्व विचार आपल्याशी कितपत संबद्ध आहे? मुंबईपुरते पाहिले तरी उत्तर स्पष्ट होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कामाला लागला. त्याचा शब्द ४० बिटांचा व स्मृती २०४८ शब्दांची होती. १९६४ साली सीडीसी ३६०० हे यंत्र आले, आणि पुढे टिफ्रॅक निवृत्त झाला. त्याच्यासाठी लिहिलेला एखादा प्रोग्राम उद्या कागदावर हाती आला, तरी ज्या यंत्राच्या संकेतांत तो लिहिला ते यंत्र नसल्याने तो चालणार नाही. टिफ्रॅकच्या रचनेचे सूत्रधार आर. नरसिंहन यांनी १९६७ साली संगणकभाषा व संगणक या दोहोंच्या एकत्र परासिद्धान्तावर दीर्घ निबंध लिहिला, आणि पुढे ते मानवी भाषाव्यवहाराच्या अभ्यासाकडे वळले. भाषा आणि ती चालविणारे यंत्र यांचा विचार वेगवेगळा करू नये, ही दृष्टी या शहरात इतकी जुनी आहे.

याहून जवळचे उदाहरण आपल्या लिपीचे. १९९० च्या दशकात गिरगाव, दादर, लालबाग येथील डीटीपीच्या दुकानांत जे मराठी जुळविले गेले, ते बहुतांशी त्या त्या फॉन्टच्या खासगी संकेतांत होते. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ साली स्थान मिळाले, तरी व्यवहारात ते यायला पुष्कळ वर्षे लागली. आज ती फाइल उघडली आणि तो फॉन्ट नसला तर पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. फाइल आहे, बाइट शाबूत आहेत, भाषा मात्र गेली. दिवाळी अंक, स्मरणिका, प्रबंध यांची अशी किती पाने मूक झाली असतील! संहितेबरोबर तिचे आश्रय जपले नाहीत तर संहिता जपली असे म्हणता येत नाही.

भाषाशास्त्राच्या संशोधनात आता शब्दसंग्रह, रूपविश्लेषक, ध्वनिमापनाचे प्रोग्राम सर्रास वापरले जातात. मराठीच्या विभक्तिरूपांचे विश्लेषण करणारा प्रोग्राम पाच वर्षांनी चालत नसेल, किंवा चालूनही निराळे आकडे देत असेल, तर त्यावर आधारलेला निष्कर्ष तपासायचा कसा? प्रबंधाच्या परिशिष्टात 'अमुक भाषेत प्रोग्राम लिहिला' एवढे नमूद करणे म्हणजे संपादकाने 'एका जुन्या पोथीवरून' असे म्हणण्यासारखे आहे. कोणती पोथी, कोठली, कोणत्या शाखेची, हे सांगितल्याखेरीज आपण कोणाचे संपादन ग्राह्य धरीत नाही. तोच दंडक येथेही लागू करावयास हवा.

सारांश, फलनात्मक पॅकेज-पद्धतीने संगणकभाषेला एक व्युत्पत्ती दिली. नावात उत्पत्ती साठविण्याची तिची रीत मौलिक आहे. तिची 'शुद्धता' ही नोंदीची शुद्धता होय, सत्याची नव्हे. तिच्या मुळाशी एक बीज आणि एक परिभाषा विश्वासावर घ्यावीच लागते. आणि ती काळ जपत नाही. या तीन मर्यादा ध्यानात ठेवून विभागाच्या संशोधनप्रकल्पांनी आपल्या प्रोग्रामांची अशी संपूर्ण साधनिका, तिच्या शेजारी तारीख, स्थळ व कर्ता सांगणाऱ्या पुष्पिकेसह, निबंधाबरोबर सादर करण्याचा प्रघात पाडावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते. त्यासाठी लागणारी साधने सर्वांना खुली आहेत. चिकित्सक आवृत्तीची शिस्त तर आपल्या घरचीच आहे.